हत्तीएवढी अळी

जळगाव जामोदहून खामगावला जाताना बसमध्ये एक मावशी शेजारी बसल्या. लुगड्यावर पुरुषाचा शर्ट, कापूस वेचायला जाणाऱ्या बाया घालतात तसा. मी मोबाईलवर काढलेल्या चित्रातल्या माझ्या नायिकेत रंग भरत होतो. तिच्याही अंगात तसाच शर्ट होता आणि समोर हत्तीएवढी गुलाबी बोंडअळी. चित्र चित्रं काढणाऱ्यांच्या एका ऑनलाइन ग्रुपवर टाकायचं होतं, पण तिथले लोक हसतील असं वाटे. घरात कॉलेजला जाणारा पहिलाच मी, असलं काही घरी विचारणार तरी कोणाला?

मावशींनी मोबाईल हातात घेऊन लांब धरला.

"हे बोंडअळी व्हय? एवढुशी काऊन काढली, बाबू? आमचं अख्खं वावर खाल्लं तिनं!"

मी हसलो. त्या हसल्या नाहीत. मी मोबाईल परत घेऊन अळी वाढवत वाढवत थेट आभाळाला नेली.

"आता बरोबर. पण पोरगी मांगं हटली नाही पाह्यजे."

"टाकू ग्रुपवर? सगळे पाहतील."

"टाक ना! भेतं कायले?" असं म्हणून त्यांनी पदर नीट डोक्यावर घेतला आणि त्या ताठ बसल्या.

मी बटण दाबलं. दोघंही स्क्रीनकडे बघत राहिलो. चित्राखाली पहिला लाल बदाम उमटला, तशी माझ्या पाठीत दणकून थाप बसली.

"पाह्यलं न कोणीतरी!"