आपल्या माणसाची रजा

रेवती पाटणकरला कुणालाही 'नाही' म्हणता येत नसे, आणि तिच्या आयुष्यातले निम्मे ताप त्यातूनच आलेले होते. सेक्शनमधल्या वर्माजींना मुलीच्या लग्नासाठी महिनाभर रजा हवी? त्यांच्या फायली रेवतीच्या टेबलावर. कुणाच्या सासऱ्यांचं ऑपरेशन? त्यांच्याही रेवतीकडेच. मिरजेजवळच्या गावातून ती मोठी परीक्षा द्यायला दिल्लीला आली, मुनिरक्याच्या अंधाऱ्या खोलीत तीन वर्षं घासली, ती परीक्षा हुकली पण दुसरी एक साधली, आणि कस्तुरबा गांधी मार्गाजवळच्या एका सरकारी कार्यालयात चिकटली. पुढे अनुरागशी लग्न झालं, द्वारकेत फ्लॅट झाला. मूल तेवढं होत नव्हतं.

दोनदा उपचार फसले होते. दोन्ही वेळा सगळ्यांना सांगून झालं होतं, आणि नंतर त्याच सगळ्यांना "नाही हो, या वेळीही नाही" हे सांगत बसावं लागलं होतं. मिरजेला एकदा, सासरी एकदा, शेजारी एकदा. उपचारांपेक्षा ते सांगणंच तिला जास्त दुखलं होतं. म्हणून तिसऱ्या खेपेला नवराबायकोंनी ठरवलं, की ही गोष्ट घराच्या उंबऱ्याबाहेर जायची नाही. ना आईला, ना सासूबाईंना. झाकली मूठ सव्वा लाखाची. काय व्हायचं ते होईल, पण रडायचं तर दोघांनीच.

रजेच्या अर्जात कारणाचा एक रकाना असतो. त्यात सेक्शनमधले सगळे वर्षानुवर्षं 'घरगुती काम' एवढंच लिहीत आले आहेत, आणि साहेब त्यावर मान वर न करता सही करत आले आहेत. रेवतीनेही तेच लिहिलं. तासाभरात केबिनमधून बोलावणं आलं.

साहेब म्हणजे विलास गद्रे. निवृत्तीला दोन वर्षं उरलेले, दिल्लीत तीस वर्षं काढलेले, आणि सेक्शनमध्ये एक मराठी मुलगी आली म्हणून पहिल्याच दिवशी पेढे वाटलेले गृहस्थ. बाकी सगळ्यांशी ते हिंदीत बोलत, रेवतीशी मराठीत, आणि त्या मराठीत बराच हक्क असे.

"हे काय गं, घरगुती काम?" त्यांनी अर्ज टेबलावर सरकवला. "मला पण हेच लिहून देणार? वर्माने लिहिलं तर ठीक आहे यार, तो परका माणूस. तू आपली."

"सर, तसं विशेष काही नाही."

"विशेष नाही, मग इतके दिवस कशाला? तब्येत बरी नाही? अनुरागशी काही झालंय का? बघ, इथे तुझे आईवडील नाहीत. काही असेल तर बिल्कुल मोकळेपणाने सांग. चार भिंतींच्या बाहेर जाणार नाही."

अर्ज त्यांच्या हाताखाली होता आणि दवाखान्याची तारीख ठरलेली होती. ती तारीख काही कुणासाठी थांबणारी नव्हती. शेवटी रेवतीने सांगितलं. साहेबांचे डोळे पाणावले. सही झाली. "देव देईल गं," म्हणाले. केबिनमधून बाहेर येताना आपण काहीतरी देऊन बसलो, असं तिला वाटत राहिलं. वर्माजींकडून कुणी असं काही काढून घेतलं नव्हतं. वर्माजींचं भाग्य, की ते मेरठचे.

उपचार झाले. मग वाट बघणं आलं. आणि त्याच सुमारास चंद्रप्रभाकाकूंचा, म्हणजे गद्रेसाहेबांच्या पत्नीचा, फोन आला. त्याही द्वारकेतच राहायच्या, चार सेक्टर पलीकडे. चैत्रगौरीचं हळदीकुंकू होतं. दरवर्षी असे, आणि द्वारकेतल्या झाडून साऱ्या मराठी बायका तिथे जमत.

हळदीकुंकवाच्या दिवशी सकाळी रक्ताचा रिपोर्ट आला. नाही.

अनुराग म्हणाला, "नको जाऊस आज." पण न जाण्यालाही कारण द्यावं लागलं असतं, आणि कारणं द्यायचा तिला आता वीट आला होता. तिने तोंड धुतलं, साडी नेसली आणि गेली.

गौर सुरेख मांडली होती. कैरीची डाळ, पन्हं, कलिंगडाची कमळं, सगळं यथासांग. काकू प्रत्येकीला हळदीकुंकू लावून ओंजळभर भिजवलेले हरभरे देत होत्या. रेवतीची पाळी आली तेव्हा मात्र त्या थांबल्या. आतून त्यांनी ताट आणलं. हिरवा खण, नारळ, तांदूळ.

"अगं उत्तरा, शिवांगी, इकडे या सगळ्याजणी," त्यांनी हाक मारली. "हिची ओटी पाच लेकुरवाळ्यांच्या हातून भरायची आहे. मी ठरवूनच ठेवलं होतं. बस गं रेवती, पाटावर बस. या खेपेला यश येणार बघ!"

खोली गप्प झाली, आणि त्या गप्प होण्यातच रेवतीला कळलं की इथे कुणालाही काही नवीन नाही. उत्तराने आधीच नाक पुसायला रुमाल काढला होता. शिवांगीने पन्ह्याचा पेला बाजूला ठेवून हात धुतले होते. उपचार कितवा, दवाखाना कुठला, सगळं षट्कर्णी झालेलं. एकजण हलकेच म्हणालीसुद्धा, "कधी कळणार गं?"

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. या बायका दुष्ट असत्या तर बरं झालं असतं, दुष्टांशी भांडता येतं. या प्रेमाने तिचं काळीज ताटात घेऊन बसल्या होत्या, आणि वर तिने पदर पुढे करून आभार मानायचे होते. आयुष्यभर तिने केलंही असतं. पाच वर्षं, पंधरा वर्षं, सगळ्यांच्या फायली ओढल्यासारखं हेही ओढलं असतं. पण सकाळचा तो रिपोर्ट अजून ताजा होता.

तिने पदर पुढे केला नाही.

"काकू," ती म्हणाली, "मी साहेबांकडे रजा मागितली होती. ओटी मागितली नव्हती."

"अगं, आम्ही तुझ्या भल्यासाठीच—"

"भीक नको, पण कुत्रं आवरा, असं झालंय माझं. आज सकाळी रिपोर्ट आला. नाही म्हणाले. मला ते फक्त माझ्या नवऱ्याला सांगायचं होतं. आता तुम्हा सगळ्यांना कळलं. झालं समाधान?"

ती दाराशी जाऊन चप्पल शोधू लागली. मागे काकूंचा रडवेला आवाज येत होता, की भरलेलं ताट असं परत करतात का कुणी, गौरीपुढे. कुणीच रेवतीच्या मागे आलं नाही.

गद्रेसाहेबांनी त्यानंतर तिच्याशी बोलणं टाकलं. फायली शिपायाच्या हाती येत, शिपायाच्या हाती जात. गणपतीच्या वर्गणीची चर्चा ती आली की थांबायची. तिला वाईट वाटायचं, खोटं कशाला बोला. दिल्लीत मराठी बोलायला माणसं असतात किती?

पावसाळा सरता सरता डॉक्टरांनी पुन्हा बोलावलं. शेवटचा प्रयत्न, म्हणाले. रेवतीने अर्ज लिहिला. कारणाच्या रकान्यात 'घरगुती काम' लिहिलं, आणि या वेळी स्वतः घेऊन केबिनमध्ये गेली. काय बोलायचं ते मेट्रोत पाठ करून ठेवलं होतं. विचारलं तर सांगणार नाही. रजा नाकारली तर वरच्या साहेबांकडे जाईन. रडणार नाही.

गद्रेसाहेबांनी अर्ज वाचला. कारणावर त्यांची नजर क्षणभर थांबली. मग वर न बघताच त्यांनी विचारलं, "आपका काम कौन देखेगा?"

चार वर्षांत पहिल्यांदा.

"वर्माजी, सर."

"ठीक है." सही केली. "जाइए."

बाहेर येऊन तिने अनुरागला फोन लावला.

"मिळाली."

"मिळाली? काय सांगितलंस त्यांना?" तो धास्तावून म्हणाला.

"काहीच नाही. त्यांनी विचारलंच नाही." राग अजून तसाच होता, तरी तिला फोन ठेववेना. "हिंदीत बोलले रे माझ्याशी."