फेट्यातून गाळलेले पेट्रोल

जगात स्वच्छ अशी एकही वस्तू नाही, आणि जी स्वच्छ दिसते ती कोणी उघडून पाहिलेली नाही, असे ठामपणे मानणारा एकच मनुष्य मला भेटला. तो म्हणजे चिकलठाण्याच्या कारखान्यातले आमचे फोरमन. त्यांच्याविषयी आज जो तो वाटेल ते सांगतो. सांगणाऱ्यांपैकी एकानेही त्यांच्यासोबत प्रवास केलेला नाही. मी केला आहे, आणि तोही स्वतःच्या लग्नाला जाताना. तेव्हा इतरांनी तूर्त गप्प बसावे.

चहा समोर आला की ते आधी तो उजेडात धरत. कोणाकडे पाहुणे म्हणून गेले की पाणी पिण्यापूर्वी माठात डोकावत. पेट्रोलचा नुसता वास घेऊन ते टाकीच्या तळातले की वरचे हे सांगत, आणि अंदाज चुकला तर टाकीलाच खोटे ठरवत. नातवाला सर्दी झाली तेव्हा डॉक्टरांना म्हणाले, "औषध मागून द्या हो, आधी नळ्या साफ करा." कारखान्याच्या परदेशी भागीदाराने आवारात फिरायला एक ठेंगणी गाडी पाठवली होती: फुगीर चार चाके, मोटारसायकलीसारखे हँडल आणि बेडकासारखा चेहरा. खड्डा, चिखल, नांगरट, कशालाही न जुमानणारी ही गाडी फोरमनच्या हाती पडली आणि तिचे हिंडणे संपले. ती सदैव उघडलेली असे. टाकी उतरवलेली, नळी उन्हात टांगलेली, कार्बोरेटर परातीत. त्यातले पेट्रोल सोडणारे बारीक छिद्र, म्हणजे जेट, ते डोळ्याला लावून सूर्याकडे पाहत आणि प्रसन्न होऊन म्हणत, "आता दिसला देव."

ते दिवस नामांतराचे. विद्यापीठाचे नाव बदलावे म्हणून आमची बौद्ध वस्ती रस्त्यावर उतरली होती, आणि बदलू नये म्हणून फोरमनची पाटील भावकी. त्यांचे स्वतःचे मत मी एकदाच विचारले. ते म्हणाले, "नाव बदलल्यानं इंजिन खराब होतं व्हय?" याहून अधिक राजकारण त्यांच्या तोंडून कोणी ऐकलेले नाही, ऐकले म्हणणारा खोटारडा आहे.

माझे लग्न पाचोडला ठरले. घरची मंडळी आदल्या दिवशीच गेली, मी कारखान्यातली रात्रपाळी संपवून निघणार होतो. सकाळी बंद पुकारला गेला, एस.टी. थांबल्या, रस्त्यांवर टायर जळू लागले. दुपारपर्यंत पोहोचलो नाही तर लग्न मोडायचे, असा मुलीच्या चुलत्याचा निरोप होता. फोरमननी कोणालाही न विचारता ती गाडी बाहेर काढली. "बस मागं नवरदेवा. शेताशेतानं जाऊ."

अर्धी वाट उत्तम गेली. गाडी जवारीच्या धसकटांवरून बेडकाच्याच चालीने उड्या मारत होती. एका विहिरीपाशी त्यांनी ती अचानक थांबवली.

"काय झालं, साहेब?"

"आवाजात खडा हाये."

"मला तर चांगला वाटतोय."

"तुला काय कळतंय? तू नवरदेव हायेस."

इथेच दोन्ही बाजूंचे इतिहासकार घसरतात. आमचे लोक म्हणतात, भावकीच्या सांगण्यावरून त्यांनी मुद्दाम खोळंबा केला. त्यांचे लोक म्हणतात, गाडी खरोखर बिघडली, आणि तो दैवी कौल होता. दोन्ही साफ खोटे. गाडी ठणठणीत होती. त्यांनी टाकी विहिरीवरच्या घमेल्यात उपडी केली, बोट फिरवले आणि मोहरीएवढा एक कण माझ्या नाकापुढे धरला. "बघ! ह्यानं मारलं असतं आपल्याला." मग त्यांनी स्वतःचा टॉवेल पाहिला, त्याची तुसे निघतात म्हणून टाकला, आणि माझ्या डोक्याकडे पाहिले. निघतानाच बांधलेला लग्नाचा फेटा पांढऱ्याशुभ्र मलमलीचा होता.

"साहेब, लग्न आहे माझं!"

"म्हणून तर. मधीच बंद पडली तर लग्न कसं लागंल?"

सगळे पेट्रोल माझ्या फेट्यातून गाळले गेले. जेटमध्ये सूर्य दिसला. फेटा पुन्हा माझ्या डोक्यावर बांधला तोही त्यांनीच, आणि फार सुबक बांधला.

पोहोचलो तेव्हा उन्हे कलली होती. चुलते मांडव सोडायला निघाले होते, आणि नवरी त्यांची वाट अडवून उभी होती. मूर्तीपुढे मेणबत्ती लावायला मी पुढे वाकलो, तोच मांडवाच्या दारातून गर्जना आली, "फेटा उतरव! पेटशील!" मंडळी एका क्षणात मांडवाच्या कडांना चिकटली. माझे लग्न बोडक्या डोक्याने लागले. फोरमन दारातच उभे राहिले. विटाळ होईल म्हणून, असे म्हणतात. त्यांच्या बाह्या कोपरापर्यंत पेट्रोलने भिजल्या होत्या आणि आत मेणबत्त्या होत्या, एवढे साधे कारण कोणाला पुरत नाही.

भावकीने पुढे बरेच दिवस त्यांच्याशी बोलणे टाकले. कार्बोरेटरवर तासभर बोलणारा तो माणूस त्याविषयी माझ्याशी एक शब्द बोलला नाही.

परवा त्यांच्या दहाव्याला गोदाकाठी गेलो होतो. त्यांचा एक पुतण्या लोकांना सांगत होता, "काका तिथं गेले, पण जेवले मात्र नाय." मी काठी टेकत उठलो. "जेवले," मी म्हणालो. "हात राखेनं धुऊन माझ्या शेजारी पंगतीत बसले. बुंदी मागून घेतली. माझ्या बायकोनं वाढली." आणखी पुष्कळ सुनावायचे होते, शब्द तयार होते. पण घाटावरचे सगळे माझ्याकडे पाहू लागले, आणि माझ्या बाजूने "व्हय, खरंय" म्हणणाऱ्या साक्षीदाराचाच तो दहावा होता.