अकराव्या साधनाचं वर्णन

आमच्या मोठ्या बाईंनी लिहिलेल्या दोन ओळींमुळे एका शिंप्याची बायको गेली, असं लोक म्हणतात. म्हणोत. त्या दोन ओळी मीही वाचल्या होत्या आणि 'वा, फक्कड!' म्हणून खाली सही ठोकली होती, हे मात्र कुणी म्हणत नाही.

मोठ्या बाई म्हणजे आमच्या रक्तपेढीच्या प्रमुख. सव्वीस वर्षं त्याच खुर्चीत. चुकलं की धारेवर धरायच्या आणि पाच मिनिटांनी स्वतःच्या डब्यातलं अर्धं पुढं सरकवायच्या.

गेल्या वर्षी रुग्णालयाने रक्तपेढीची रोजची कामं एका एआय एजंटकडे द्यायचं ठरवलं. पिशवी शोधणं, राखून ठेवणं, पाठवणं, असं प्रत्येक काम म्हणजे त्याच्या हातातलं एकेक साधन. कुठलं साधन कशासाठी, कधी वापरायचं, हे त्याला कळणार फक्त लिहिलेल्या वर्णनावरून. इंजिनिअर बाईंना म्हणाला, "त्याला काही म्हणजे काही ठाऊक नाही असं धरून लिहा. नवीन माणसाला शिकवता तसं." नवीन माणसं शिकवण्यातच बाईंची हयात गेलेली. तीन आठवडे मान मोडून लिहीत बसल्या. अठरा साधनं! फ्रीजच्या तापमानाचं लिहिलं, 'हे साधन तापमान फक्त सांगतं, कमी करत नाही. याच्या भरवशावर राहू नये.' मी म्हटलं, "बाई, हे तर माझ्या नवऱ्याचं वर्णन झालं." हसून हसून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

अकरावं साधन राखीव पिशवी मोकळी करण्याचं. ऑपरेशनसाठी ठेवलेलं रक्त वापरलं गेलं नाही, तर ते अडकून पडू नये म्हणून. बाईंनी लिहिलं, 'राखून ठेवल्याला बहात्तर तास उलटले की पिशवी या साधनाने मोकळी करावी. मोकळी झालेली पिशवी कोणत्याही मागणीसाठी देता येते.' अक्षरन् अक्षर नियमाला धरून.

फक्त बाई स्वतः तसं कधीच करत नव्हत्या. रोज सकाळी चहाचा कप हातात घेऊन वॉर्डातल्या सिस्टरला फोन लावायच्या. गुडघेदुखी, सुनेच्या कागाळ्या, सगळं व्हायचं, आणि मध्येच कुठंतरी, "काय गं, ती तुमची तीन नंबरची, झालं का तिचं ऑपरेशन?" नाही म्हटलं की पिशवी जागच्या जागी. आम्ही त्याला गप्पा म्हणायचो. बाईही गप्पाच म्हणायच्या. गप्पा कोण लिहून ठेवतं?

एजंट सुरू झाला आणि बाईंना रक्तदात्यांच्या टेबलावर बसवलं. पाचव्या आठवड्यात त्या शिंप्याची बायको दाखल झाली. गट ओ निगेटिव्ह. फ्रीजमध्ये त्या गटाच्या दोनच पिशव्या, दोन्ही तिच्या नावाने ठेवलेल्या. तिला ताप आला, ऑपरेशन दोन दिवस पुढं ढकललं. वॉर्डाने आम्हाला कळवलं नाही. कळवायची वेळच कधी आली नव्हती, बाई विचारायच्याच. ऑपरेशनच्या नव्या दिवशी सकाळी आठला बहात्तर तास भरले आणि एजंटने पिशव्या मोकळ्या केल्या. साडेआठला दुसऱ्या रुग्णालयाची मागणी आली, त्याने दोन्ही देऊन टाकल्या. दहाला तिला ऑपरेशनला घेतलं. केसपेपरवर 'रक्त राखीव' असा शिक्का होताच, डॉक्टर निर्धास्त. अकराला वरच्या ऑपरेशन थिएटरमधून माणूस रक्त मागायला धावत आला. मी फ्रीज उघडला तर कप्पा रिकामा. वेड्यासारखी वरचे-खालचे कप्पे उपसत राहिले. बाईंनी दिसेल त्या रक्तदात्याला फोन लावला. एक जण आलाही, पण त्याचं रक्त तपासून वर पोचवेपर्यंत ती गेली होती.

चौकशी समितीने काय दिवे लावले? 'एजंटने वर्णनानुसार काम केले. वर्णन अपुरे.' झालं! इंजिनिअर सुटला, बाईंना खुर्चीतून उठवणारेही सुटले. मी तणतणत बाईंकडे गेले. "सही माझीही आहे, मी जाऊन सांगते त्यांना." त्या म्हणाल्या, "गप्प बस. तुझं घर चालायचंय अजून." आणि मी गप्प बसले. त्याची लाज मला अजून वाटते.

पंधरा दिवसांनी शिंपी आला, हातात अहवालाची प्रत. भांडायला आलाय असं वाटून मी आडवी गेले, पण त्याने हळूच विचारलं, "हे कुणी लिहिलं?"

बाई उभ्या राहिल्या. "मी."

त्याने त्या दोन ओळींवर बोट ठेवून वाचलं. पुन्हा वाचलं. "मी चार इयत्ता शिकलेला माणूस," तो म्हणाला. "पण मला तर सगळं समजतंय. यात चुकलंय काय?"

"मोकळी करण्याआधी वॉर्डात विचारायचं असतं. ते लिहायचं राहिलं."

"तुम्ही विचारायचात?"

"रोज. सव्वीस वर्षं."

"मग त्या दिवशी का नाही विचारलंत?"

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी काहीतरी बोलावं म्हणून त्यांनी माझ्याकडे पाहण्याची ती पहिलीच वेळ. मग त्याच म्हणाल्या, "त्या दिवशी ते काम माझं नव्हतं, दादा."

"मग होतात कुठं तुम्ही?"

"इथंच," बाई म्हणाल्या. "या टेबलावर बसले होते."