उंच स्टूल आणि लाभुबेनची पाल

जामनगरच्या शंकर टेकरी या कारखान्यांच्या वस्तीत पितळी बिजागरीचा निकाल अंगठ्याच्या नखावर लागतो. बिजागरीत स्क्रू पिळायचा आणि त्याच्या डोक्यावरून नख ओढायचं. नख सरळ गेलं तर माल पास. अडलं तर पोतं परत.

पोपटभाई सुतारांनी देवशीभाईंच्या शेडमध्ये पोतं परत आणून आपटलं, तेव्हा सगळ्यांच्या माना ड्रिल मशीनकडे वळल्या. मशीनवर लाभुबेन नकुम होत्या.

ती जागा त्यांची नव्हे. शेडमध्ये बायका खाली बसून कानस मारतात, पुरुष स्टुलावर बसून भोकं पाडतात. लाभुबेननीही इतकी वर्षं कानसच मारली. पण मशीनवरचा परसोत्तम मोरबीच्या टाइल कारखान्यात निघून गेला, मशीन रिकामं पडलं, ठाकोरजींच्या हवेलीच्या, म्हणजे मंदिराच्या, दारांसाठी बिजागऱ्यांची ऑर्डर अंगावर होती. तेव्हा त्या आपण होऊन स्टुलावर चढल्या. ‘चढल्या’ हाच शब्द योग्य. स्टूल परसोत्तमच्या लांब टांगांच्या मापाचं. लाभुबेनचे पाय हवेत लोंबत.

“याचे पाय कापून द्या,” त्या पहिल्याच दिवशी मालकांना म्हणाल्या.

“दसऱ्याला राजकोटहून माणूस येतोय, बेन. स्टूल त्याला लागेल,” देवशीभाई म्हणाले. “तोवर घ्या चालवून.”

“आणि माझा माल चोख निघाला तर?”

“तर बघू.”

हे ‘तर बघू’ लाभुबेननी पदराला गाठ मारून ठेवलं होतं. आणि आता हे पोतं.

“मी म्हणालोच होतो,” पॉलिशवाले जेठाभाई चाकावरून ओरडले. “बाईच्या हाताला वजन नाही.”

“वजन नाही, तर अर्ध्या बिजागऱ्यांत स्क्रू विहिरीत पडल्यासारखा खाली कसा गेला, जेठाकाका? तेवढ्या तुम्ही येऊन मारल्यात का?”

पोपटभाईंना या भांडणात रस नव्हता. “परवा येतो,” ते म्हणाले. “नख अडलं तर पलीकडच्या शेडमधून माल उचलीन. दसऱ्याच्या आत दारं चढवायचीत मला.”

लाभुबेननी पोतं जमिनीवर ओतलं. स्क्रूचं डोकं बसावं म्हणून भोकाच्या तोंडाशी वाटीसारखा उतार कोरतात. कारागीर त्याला काउंटर म्हणतात. मशीनच्या दांड्यावर एक नट असतो. तो आवळला की पातं ठरल्या जागेच्या खाली जातच नाही. नट तर हलला नव्हता. मग एक वाटी उथळ, दुसरी खोल, असं का?

बिजागरीच्या दोन पाकळ्या म्हणजे तिची पानं. त्यांनी एक उथळ वाटीचं आणि एक खोल वाटीचं पान उचललं, मशीनच्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवलं आणि दोन्हींवरून बोट फिरवलं. मधे पायरी लागली. पुन्हा फिरवलं. मग दुसरी जोडी, तिसरी. खोल वाटीचं पान दर वेळी जाड.

“देवशीभाई! इकडे या! अहो, इकडे या आधी!”

पानं वाळूच्या साच्यात ओतलेली, कुठलीच दोन सारख्या जाडीची नसत. नट खोली मोजतो ती टेबलापासून. जाड पानाचा माथा त्यापासून जास्त उंच येतो, म्हणून पातं त्यात जास्त घुसतं. परसोत्तम जाड पान आलं की हात आपोआप आखडता घ्यायचा. हे त्याने कुणाला सांगितलं नव्हतं, बहुधा त्यालाही माहीत नसावं. बाकी शेड मात्र नटावर विश्वास टाकून मोकळी.

“मग आता सगळी पानं घासून सारखी करायची?” देवशीभाईंनी कपाळाला हात लावला.

“कशाला? खालून मोजतो म्हणून घोटाळा. वरून मोजूया.”

भंगारातून लोखंडाची जाड पट्टी निघाली. लाभुबेननी तिला पातं जाईल एवढं भोक पाडलं आणि दोन्ही बाजूंना ठोकळे लावून ती टेबलाच्या वर पक्की बसवली. पान पट्टीखाली सरकवायचं आणि खालून लाकडी पाचर ठोकायची. पान वर उचललं जाऊन पट्टीला घट्ट भिडतं. मग ते जाड असो की पातळ, त्याचा वरचा पृष्ठभाग कायम एकाच उंचीवर.

जेठाभाई चाक थांबवून बघायला आले. “काय गं हे? छताला पाल चिकटवतेस?”

“पालच म्हणा. पण पडायची नाही.”

पहिली वाटी कोरली. स्क्रू टाकला. नख सरळ गेलं. मुद्दाम जाडजूड पान घेतलं. सरळ. सर्वांत पातळ घेतलं. सरळ! लाभुबेन स्टुलावरून खाली उडीच मारत्या, पण ते फार उंच होतं. मग शेडमध्ये एकच धांदल उडाली. कानसवाल्या बायका नवी पानं पुसून हातात देऊ लागल्या, आणि जेठाभाई कुणी न सांगता पाचर ठोकायला बसले.

ठरल्या दिवशी पोपटभाई आपली हत्यारांची पेटी घेऊन आले. वरच्या बिजागऱ्यांकडे त्यांनी पाहिलंही नाही. हात थेट पोत्याच्या तळाशी. स्क्रू पिळला, नख ओढलं. गेलं. दुसरी. गेलं. तिसरीला नख टक्कन अडलं.

चाकं आधीच थांबली होती. देवशीभाई छताकडे बघू लागले. जेठाभाई म्हणाले, “पाल पडली.”

“स्क्रू काढा,” लाभुबेन म्हणाल्या. “काढा ना, पोपटभाई!”

त्यांनी काढला. वाटीच्या तळाशी पितळेचा बारीक कीस चमकत होता. लाभुबेननी फुंकर मारली. पोपटभाईंनी तोच स्क्रू पुन्हा पिळला आणि नख ओढलं. सरळ गेलं. उलट्या बाजूनं ओढलं. तरी सरळ.

“पोतं बांधा,” ते म्हणाले.

कोण आधी ओरडलं ते सांगता येणार नाही. जेठाभाईंचा आवाज सर्वांत मोठा होता, एवढं नक्की. देवशीभाईंनी खिशातून फोन काढला आणि राजकोटच्या माणसाला कळवलं की येण्याची तसदी घेऊ नकोस. मग ते पोपटभाईंच्या पेटीत वाकून पाहू लागले.

“करवत आणलीय ना?”

“आणलीय. का?”

“बेन, उतरा जरा,” देवशीभाई म्हणाले, “आणि किती कापायचं ते दाखवा.”

लाभुबेन उतरल्या. गुडघ्यापाशी हात धरून त्यांनी माप दाखवलं. पोपटभाईंनी एका पायावर खूण केली, मग ती चारही पायांवर नीट उतरवली.

“सारखे काप हं,” जेठाभाई म्हणाले. “नाहीतर ही नख लावून बघेल.”