सरपंचबाईंच्या माईकची वायर

सरपंचबाई बोलत होत्या आणि तिसऱ्या रांगेच्या मागं कुणाला काही ऐकू येत नव्हतं. हसनाबादकडचं एक गाव, नव्या पाण्याच्या टाकीचं उद्घाटन, सकाळची अकराची वेळ. मी पुढच्या रांगेत बसलो होतो. साउंडवाल्या अंकुशनं नव्या वायरी माझ्याकडून करून घेतल्या होत्या, म्हणून कार्यक्रमात माझा सत्कार ठरला होता. आपल्याकडं सत्काराला कारण लागत नाही, माणूस मिळाला की पुरे.

माझा धंदा सांगतो. जालन्यात माझं छोटं दुकान आहे. मी माईकच्या वायरी हातानं बनवतो. तयार वायरी एका हंगामात तुटतात, कारण आमचे पुढारी माईकवर बोलत नाहीत, माईक ओढतात. वायरीच्या पोटात दोन तारा असतात आणि त्यांच्याभोवती तांब्याची जाळी. टोकाच्या कनेक्टरला तीन पिना. एक नंबरला जाळी, दोन आणि तीन नंबरला तारा. कनेक्टरची टोपी आधी वायरीत ओवायची, मंग सोल्डर मारायचा. टोपी विसरली की सगळं उकलून परत पहिल्यापासून. प्रत्येक पिनेशेजारी बारीक नंबर कोरलेला असतो. तो चष्मा लावून वाचायचा असतो. मी वाचत नव्हतो. बावीस वर्षं हेच करून राह्यलो, आता नंबर काय वाचायचे, अशी माझी ठाम समजूत होती.

तर सरपंचबाई, म्हणजे सुनीताताई. निवडून येऊन वर्ष झालं होतं. तरी गावात कुणी ‘सरपंच’ म्हणून हाक मारली की त्यांचे मालक रामभाऊ वळून बघायचे. सह्या ताईंच्या, भाषणं रामभाऊंची, अशी सोयीची वाटणी होती. त्या दिवशी ताई पहिल्यांदाच स्वतः उभ्या राहिल्या. टाकी झाली, पण नाल्यापल्याडच्या वस्तीची पाईपलाईन कागदावरसुद्धा नव्हती. तिथल्या बाया अजून शेतातल्या विहिरीवरून हंडे वाहत होत्या. पंचायत समितीचे साहेब आज आले होते आणि अर्ध्या तासात निघणार होते. त्यांच्यासमोर, गावादेखत मागणी झाली तर ती लिहून घेतली गेली असती. रामभाऊंना हा विषय नको होता. चांगल्या दिवशी रडगाणं कशाला, असं त्यांचं म्हणणं.

आता आमच्या भागाची एक रीत. मान्यवरापुढं एकच माईक ठेवला तर तो अपमान समजतात. दोन लागतात, एकाच स्टँडवर, शेजारी शेजारी. दुसऱ्याचा उपयोग काय, हे कुणी विचारत नाही. निवेदकाचा माईक मात्र वेगळा होता, आणि तो खणखणीत वाजत होता. त्यामुळं ताई उभ्या राहून आवाज बसला तेव्हा सगळ्यांनी दोष बरोबर ताईंना दिला.

“ताई, जरा मोठ्यानं,” अंकुश म्हणाला. ताई मोठ्यानं बोलल्या. अंकुशनं आवाज वाढवला, तशी भोंग्यातून शिट्टी आली. पोरंसोरं कानावर हात ठेवून हसली.

“बाईमाणसाचा आवाज, पोचून पोचून कितीक पोचन?” माझ्या शेजारचे पाटील म्हणाले.

“सवय न्हाई त्यांना,” मी म्हणालो. हो, मीच म्हणालो. कारागीर माणूस, तांत्रिक मत दिलं.

रामभाऊ या घटकेचीच वाट बघत असावेत. “मी सांगतो तिच्या वतीनं,” म्हणत ते उठले, स्टँडवरचा एक माईक उपसला आणि चार पावलं पुढं आले. “साहेब, तुमच्या कृपेनं आता गावात पाणीच पाणी.” आवाज पार वेशीपर्यंत गेला. टाळ्या पडल्या. वस्तीचं नाव नाही. ताई हातातला कागद घडी करत तशाच उभ्या होत्या. त्यांचा चेहरा पाहून मला वाईट वाटलं, पण बसल्या जागी वाईट वाटायला पैसे पडत नाहीत.

बोलता बोलता रामभाऊ परत स्टँडजवळ गेले. त्यांच्या हातातला माईक दुसऱ्या माईकशेजारी आला आणि त्यांचाही आवाज बसला. ते पुढं सरकले, आवाज परत आला. रामभाऊंचा आवाज कमी झालेला गावानं पहिल्यांदाच ऐकला. मी मात्र त्या दोन माईकच्या वायरींकडं बघायला लागलो.

दोन आणि तीन नंबरच्या तारा एका टोकाला अदलाबदल झाल्या, तरी तो माईक एकटा ठणठणीत वाजतो. पण शेजारी बरोबर जोडलेला दुसरा माईक असला की एक आवाज पुढं ढकलतो, दुसरा मागं ओढतो. बैलगाडीला एक बैल पुढून आणि एक मागून जुंपावा, तसं. गाडी जागेवरच राहते.

मी उठून अंकुशकडं गेलो. “ह्या दोन माईकला वायरी कोणत्या?”

“काका, तुमच्याच की. एक मागच्या साली केल्ती ती, एक नवी.”

“नवी उलटी झाली.”

“म्हंजी?”

“म्हंजी माती झाली. नवी काढ.” नवी स्टँडवरच्या माईकला होती, अंकुशनं ती उपसली.

गुपचूप वायर काढून मी जागेवर बसलो असतो तर माझी अब्रू शाबूत राहिली असती. पण माईक रामभाऊंच्या हातात होता, आणि तो ते स्वतःहून परत देतील इतका मी भोळा नाही. साहेब घड्याळ बघत होते. मी निवेदकाचा माईक मागून घेतला.

“साहेब, एक मिनिट. ताईंचा आवाज बिलकुल बराबर हाय. वायर मी बनवली, ती मी उलटी जोडली. चूक माझी.”

“मिस्त्री, ते मंग बघू, बसा तुम्ही,” रामभाऊ म्हणाले.

“थांबा,” साहेब म्हणाले. “ताई काय बोलल्या ते त्या शिट्टीत मला ऐकूच आलं नाही. त्यांना बोलू द्या.”

रामभाऊंनी माईक दिला. ताईंनी कागद उघडलाच नाही.

“नाल्यापल्याड एकवीस घरं हायेत. ह्या टाकीचं पाणी तिथं जाणार न्हाई. हे कुणी सांगून न्हाई राह्यलं, म्हणून मी सांगते.”

शेवटच्या रांगेतली माणसं वळून वस्तीकडं बघायला लागली. साहेबांनी डायरी काढली. “ठराव झालाय का?”

“आजच घेते,” ताई म्हणाल्या.

माझ्या सत्काराचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही. दुकानात येऊन वायर उघडली. कनेक्टर समोरून पाहिला तर पिना एका क्रमानं दिसतात, पाठीमागून पाहिला तर उलट्या. एका टोकाला मी समोरून बघून पाठीमागून सोल्डर मारला होता. त्याच आठवड्यातल्या सगळ्या गिऱ्हाइकांना फोन करून वायरी परत बोलावल्या. प्रत्येकानं कारण विचारलं आणि प्रत्येकाला ते सांगावं लागलं. बावीस वर्षांचा अनुभव असा फोनवर सांगताना फार छोटा वाटतो.

पंधरा दिवसांनी रामभाऊ दुकानात आले. चहा घेतला. वस्तीचा ठराव झाला, मोजमापाला माणसं येऊन गेली, असं पडेल आवाजात सांगितलं. पुढच्या महिन्यात ग्रामसभा आहे आणि ताई स्वतःच बोलणार आहेत, हेही सांगितलं. मंग खुर्ची जवळ ओढली.

“मिस्त्री, ती उलटी वायर मोडली का?”

“मोडली.”

“तशी एक परत न्हाई का करता येणार?”

“येईल की. पण तिच्यात तुमचा बी आवाज बसतो.”

रामभाऊंनी चहाचा कप खाली ठेवला आणि काम आठवल्यासारखे उठले. मी आता चष्मा लावतो, नंबर वाचतो आणि प्रत्येक वायर दुसऱ्या वायरीशेजारी लावून तपासतो. एकटी तपासली तर कोणतीही वायर बराबरच वाजते.