हवा धरलेली बाग

माझ्या दाजींना अख्खी वस्ती 'वायसर' म्हणते. नळातल्या रबरी चकतीचं नाव पडणं हा दुसऱ्या कुणाला अपमान वाटला असता. दाजींना ती पदवी वाटते. "मेहुणे, नखाएवढी चकती. पण ती नसली तर राजाच्या न्हाणीघरातसुद्धा टपटप थांबायची नाही," असं ते छाती पुढे काढून सांगतात. छाती कितीही पुढे काढली तरी पोट तिच्याआधी पोचतं, ते सोडा.

पस्तीस वर्षं त्यांनी प्लंबिंग केलं. दोन वर्षांपूर्वी गुडघ्यांनी संप पुकारला म्हणून दाजींनी काम सोडलं, पण कामानं त्यांना सोडलेलं नाही. कुणाच्या वाढदिवसाला गेले की हात धुवायला म्हणून आत जातात आणि वीस मिनिटांनी बाहेर येतात. तोवर यजमानांचा नळ गळायचा थांबलेला असतो आणि केक संपलेला असतो.

जगात त्यांचे शत्रू दोनच. पहिला शत्रू म्हणजे झाडाचं मूळ. "मूळ म्हणजे चोर! पाइपाला केसाएवढी फट दिसली की आत शिरतं, आणि मग सगळं खानदान आत बोलावतं." दुसरा शत्रू म्हणजे हवा. पाइपात हवा अडकली की पाणी पुढे सरकत नाही, नळ गुरगुरतो आणि धार सोडायची सोडून थुंकत बसतो. त्यांच्या धंद्यात याला 'लाइनीनं हवा धरली' म्हणतात. डॉक्टरनं न्यूमोनिया म्हणावं तशा आवाजात दाजी हे वाक्य उच्चारतात.

अशा माणसाच्या ओट्यावर एक दिवस अशी बाग येऊन बसली, जिच्यात मुळं पाण्यात वाढवायची असतात आणि त्या पाण्यात मुद्दाम हवा सोडायची असते.

ती आली ताईमुळे. ताई, म्हणजे माझी थोरली बहीण आणि दाजींची बायको, एका मोठ्या इस्पितळाच्या कॅन्टीनमध्ये मुख्य स्वयंपाकीण आहे. तीनशे माणसांचं जेवण, सहा मदतनीस, आणि आत माणूस बसेल एवढाली पातेली. ताई पातेल्यात डोकावत नसे. ती दारातूनच ओरडायची, "तिसऱ्या शेगडीवरचा कांदा उतरव, आता लागेल!" आणि कांदा खरोखरच लागायच्या बेतात असायचा. तिचं नाक हे त्या स्वयंपाकघरातलं सर्वांत जुनं आणि सर्वांत भरवशाचं यंत्र होतं.

सहा महिन्यांपूर्वी तिला ताप आला. आठवड्यानं ताप गेला, पण जाताना नाक घेऊन गेला. म्हणजे नाक जागेवर होतं, वास गेला. कामावर परतली त्याच्या दुसऱ्याच दिवशी चाळीस लिटर दूध तिच्या पाठीमागे करपलं आणि ती शांतपणे गाजरं चिरत राहिली. धूर दिसला तेव्हा वळली. तिला कुणी एका शब्दानं बोललं नाही. तिला तेच लागलं. "शिव्या दिल्या असत्या तरी चाललं असतं रे," ती मला म्हणाली, "माझ्या मदतनीस पोरी माझ्याकडे बघून नुसत्या हळू बोलायला लागल्या." त्याच दिवशी तिनं लांबलचक रजा टाकली.

नाकाच्या डॉक्टरांनी सांगितलं की वास परत येऊ शकतो, पण नाकाला सराव द्यायला हवा. रोज सकाळ-संध्याकाळ लिंबू, लवंग असे चार वास घ्या, आठवून आठवून घ्या. ताईनं दीड महिना नेमानं बाटल्या हुंगल्या आणि मग एके दिवशी त्या फडताळात मागे सरकवून टाकल्या. "बाटलीत नाक घालून हवाच हुंगायची, तर खिडकी काय वाईट आहे?"

मग लांब राहणाऱ्या त्यांच्या लेकीनं ते यंत्र पाठवलं. ब्रेडच्या डब्याएवढी पांढरी टाकी, वर सहा भोकं, प्रत्येक भोकात स्पंजाच्या बुचात खोवलेलं बी, आणि त्या सगळ्यावर मान वाकवून उभा असलेला दिवा. टाकीत पाणी, पाण्यात खताचे दोन थेंब, आणि तळाशी बुडबुडे सोडणारा खडा. माती औषधालाही नाही. लेकीचा हिशेब सरळ होता. सुकलेल्या लवंगेपेक्षा ताजं पान चुरडलं तर वास जोरात येईल.

ज्यात पाणी आहे ते त्या घरात आपोआप दाजींच्या खात्यात जातं. त्यांनी यंत्राला उलटं-पालटं केलं, सांधे तपासले आणि निकाल दिला, "नुसतं प्लास्टिक! एकही सांधा धड नाही." पण भोकांत ती बियांची बुचं बसवताना त्यांचे ते पाइप पिळणारे हात असे काही हळुवार झाले, की मी बघत राहिलो. कोथिंबीर, पुदिना, शेपू, बेसिल, आणि दोन भोकांत लेट्यूस.

चौथ्या दिवशी पहिला कोंब आला. दाजींनी मला फोन करून कळवलं. पाचव्या दिवशी दुसरा आला, तेव्हाही कळवलं. आठव्या दिवशी मी म्हणालो, "दाजी, बारशालाच बोलवा आता." पण त्यांचं खरं होतं. तीन आठवड्यांत ओट्यावर हिरवा गुच्छ डोलायला लागला. दाजी टाकीचं झाकण उचलून मला पांढरीशुभ्र मुळं दाखवायचे. "बघा, बघा कशी उतरलीत!" आयुष्यभर ज्या मुळांना तारेनं ओरबाडून काढलं, त्यांच्याकडे हा माणूस नातवंडांकडे पाहावं तसा पाहत होता.

आणि रोज सकाळी ते एक पान खुडायचे, बोटांत चुरडायचे आणि ताईच्या नाकासमोर धरायचे.

"काही?"

"काही नाही."

एवढंच संभाषण व्हायचं. मग ते पान दाजी ऑम्लेटमध्ये टाकायचे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारायचे. ताई कंटाळली होती. दाजी कंटाळायला तयार नव्हते.

आता गोष्ट बिघडते ती इथे. त्या यंत्रातून दिवसभर गुडगुड आवाज यायचा. लेकीनं बजावलं होतं, "बाबा, आवाज येईल. हात लावू नका." दाजींनी तीन आठवडे दातओठ खाऊन सोसलं. गुडगुडणाऱ्या पाण्याशेजारी प्लंबरला बसवणं म्हणजे मास्तरासमोर शुद्धलेखनाच्या चुकांची वही उघडी टाकण्यासारखंच. शेवटी एका दुपारी ताई झोपलेली असताना त्यांनी हत्यारांची पेटी उघडली. हवेची नळी उपटली. प्रत्येक बुचाभोवती पांढरी टेप गुंडाळली. झाकणाच्या कडेनं, पाणी भरायच्या तोंडाभोवती, जिथे म्हणून फट होती तिथे सिलिकॉन भरलं.

पुढच्या रविवारी मी गेलो तर ओटा शांत.

"लाइनीनं हवा धरली होती," दाजी विजयी मुद्रेनं म्हणाले. "काढून टाकली. आता बघा कशी गप्प बसलीय! हवा आत जाणार नाही, पाणी बाहेर येणार नाही."

"पण ती नळी कंपनीनंच दिली होती ना, दाजी?"

"कंपनीला काय कळतंय!"

पस्तीस वर्षांच्या अनुभवाशी वाद घालण्याएवढी माझी प्रकृती नाही.

त्यानंतरच्या रविवारी कोथिंबीर पिवळी पडली होती. दाजी म्हणाले ऊन कमी पडतंय, दिवा खाली घेतला. त्याच्या पुढच्या रविवारी शेपूनं मान टाकली होती, बेसिल काळवंडलं होतं आणि लेट्यूस ओल्या रुमालासारखं लोंबत होतं. पुदिना तेवढा कसाबसा उभा होता. दाजींची दाढी वाढली होती. आजारी माणसाच्या उशाशी बसावं तसे ते ओट्याशी स्टूल टाकून बसले होते.

मी त्या दिवशी एका कामासाठी गेलो होतो. महिनाअखेर ताईची रजा संपत होती, आणि तिनं मला राजीनाम्याचं पत्र लिहायला सांगितलं होतं. मी कचेरीत पत्रंच लिहितो. आजवर हजारेक लिहिली असतील, त्यात हे सगळ्यांत लहान आणि सगळ्यांत जड झालं. ताईनं हात पुढे केला. मी ते तिला दिलं. ती चष्मा लावून बाहेरच्या खोलीत वाचायला बसली. दाजींनी पाहिलं आणि मान फिरवली.

"मेहुणे," ते दबक्या आवाजात म्हणाले, "नवं बी लावलं तर किती दिवस लागतील? तिला म्हणा ना, अजून महिनाभर थांब. जगली असती तर सहा वास होते हो घरात."

"दोन लेट्यूस होते, दाजी. त्याला वास नसतो."

"तरी चार!"

मी त्यांच्या लेकीला व्हिडिओ फोन लावला. तिनं बागेकडे पाहिलं, मग बापाकडे पाहिलं.

"बाबा, बुडबुडे दिसत नाहीत."

"बंद केलेत."

"का?"

"हवा धरली होती."

मग ती कपाळावर हात मारून म्हणाली, "अहो बाबा, ती हवाच तर मुळांचा श्वास आहे! पाण्यात बुडालेली मुळं श्वास कशानं घेणार? तुम्ही त्यांचा गळा दाबलात!"

दाजींचा चेहरा पाहवेना. पस्तीस वर्षं ज्या हवेला त्यांनी घराघरातून हाकललं, तीच नेमकी इथे हवी होती. ते उठले, स्क्रूड्रायव्हर घेतला आणि सिलिकॉन खरवडायला लागले. काम मात्र इतकं पक्कं केलेलं, की स्वतःलाच तोडता येईना. मी टाकी धरली, त्यांनी जोर लावला, आणि झाकण 'फट्' करून निघालं.

देवा रे! काय सांगू तो वास! मेलेला मासा, साचलेली फुलदाणी आणि पावसात भिजलेला मोजा यांनी भागीदारीत दुकान काढावं, तसा. मुळांचा तपकिरी, बुळबुळीत लगदा झाला होता. मी नाक धरून खिडकीकडे पळालो. डोळ्यांत पाणी आलं. दाजी मात्र शांतपणे आत बोट घालून बघत होते. गटारात उमेदवारी केलेलं नाक ते. त्याला असल्या किरकोळ गोष्टी कळत नाहीत.

"गेली," ते म्हणाले. "सगळी गेली."

"दाजी, झाकण लावा आधी!"

"का? काय झालं?"

तेवढ्यात बाहेरच्या खोलीतून ताईचा आवाज आला, "अगं बाई! काय सडवलंत तिकडे?"

"काही नाही गं," दाजी सवयीनं ओरडले, "टाकी उघडलीय जराशी."

"जराशी? शी! कसली घाण सुटलीय!"

"लावतो, लावतो झाकण, ओरडू नको—"

आणि ते थांबले. मी खिडकीत थांबलो. फोनमध्ये लेक थांबली. दाजींनी माझ्याकडे पाहिलं, मी दाजींकडे पाहिलं. मग चपलांचा आवाज आला, आणि ताई दारात उभी. एका हातात पत्र, दुसऱ्या हातात पदराचं टोक, तेही नाकापासून वीतभर लांब. झाकावं की उघडं ठेवावं, हे तिलाच ठरवता येत नव्हतं.

"काही?" दाजींनी विचारलं.

ताई टाकीवर वाकली. एक खोल श्वास घेतला. तिचं तोंड लिंबू चावल्यासारखं झालं, डोळे मिटले आणि ती हसायला लागली. "मेलं काय घाण आहे हो!" असं म्हणून तिनं पुन्हा हुंगलं.

"अजून घे!" दाजी टाकी उचलून तिच्या तोंडाशी धरत होते. "घे, घे, भरपूर आहे!"

"आई, पुरे! उलटी होईल!" लेक फोनमधून ओरडली. तिचं कोण ऐकतंय!

मग घरात नुसती धांदल. दाजी फडताळातून मागे गेलेल्या बाटल्या काढून आणत होते. लवंग? काही नाही. लिंबू? काही नाही, मग म्हणाली, थांबा, कुठेतरी काहीतरी आहे, लांबून कुणी हाक मारल्यासारखं. पुदिना चुरडला, त्याचं काही नाही. मी अक्कल चालवून ब्रेडचा तुकडा गॅसवर धरला. कड काळी पडायच्या आत ताई पाठमोरी असूनच म्हणाली, "उतरव. लागतोय."

हे म्हणताना आपण काय म्हणालो ते तिच्या लक्षात आलं आणि ती स्टुलावर बसली. ब्रेड मात्र माझ्या हातात पुरता जळला.

"सगळा नाही आलाय," थोड्या वेळानं ती म्हणाली. "चांगल्याचा अजून कळत नाही. वाइटाचा कळतो."

"कॅन्टीनला तोच लागतो," मी म्हणालो. "करपलेलं, नासलेलं, उतू गेलेलं. चांगल्या वासाला तीनशे माणसं आहेतच की."

तिनं हातातल्या पत्राकडे पाहिलं. मी रात्र घालवून लिहिलेलं, एकही चूक नसलेलं पत्र. तिनं ते ओट्यावर पसरलं, टाकीतला तो तपकिरी लगदा चिमट्यानं उचलून त्याच्या मधोमध ठेवला, चारी कडा नीट दुमडल्या आणि पुडकं दाजींच्या हातात दिलं.

"लांबच्या कचऱ्याच्या डब्यात टाका. आणि तू रे, कॅन्टीनला फोन लाव. उद्या सकाळच्या पाळीला येतेय म्हणावं. दुधाच्या शेगडीजवळ मीच उभी राहणार."

दाजी पुडकं घेऊन दारापर्यंत गेले असतील-नसतील, तेवढ्यात तिनं पुन्हा हवेत नाक उंचावलं. भुवया आक्रसल्या. ती हळूहळू हवेचा माग काढत दाजींच्या मागे गेली, त्यांच्या खांद्याशी थांबली आणि एक पाऊल मागे आली.

"अहो! तुम्ही आंघोळ कधी केलीत शेवटची?"

"बागेच्या काळजीत, अगं, परवा—"

"आधी न्हाणीघरात जा! सहा महिने तेवढा एक आराम होता मला."

शर्टाची बटणं काढत, चेहराभर हसू घेऊन, इतक्या आनंदानं आंघोळीला निघालेला माणूस मी आजवर पाहिलेला नाही.