मी ऐकलेला दम

वऱ्हाड अजून मध्य प्रदेशात होतं, तेव्हा मी मेडशीच्या शाळेत गुरुजी होतो आणि गावच्या हुतूतू संघावर जीव टाकत होतो. शेजारच्या मालेगावकडून हरणं तर मला सोसतच नसे. एकदा त्यांच्याशीच झालेल्या सामन्यात शेवटच्या चढाईला आमच्या गड्याचा दम त्यांच्या हद्दीतच तुटला. मी रेषेला खेटून उभा होतो, स्वच्छ ऐकलं. पंचांना शंका आली. रिवाजाप्रमाणे त्यांनी गुरुजींचा शब्द मागितला.

"दम होता," मी ठणकावून सांगितलं.

तो गडीच धापा टाकत पुढे आला. "गुरुजीले ऐकू नसंन आलं. माहा दम तिकडंच तुटला."

आम्ही हरलो. दुसऱ्या दिवसापासून गाव माझ्याशी मोठ्यानं बोलू लागलं, आणि मी निर्लज्जासारखा कानामागे हात धरू लागलो.